विंगेतला आवाज

32व्या किलोमीटरला मी बसलो. पडलो नाही, चक्कर आली नाही, पोटरीत गोळाही आला नाही. नीट चालत एका घराच्या फाटकाशी गेलो आणि बसलो.

डिसेंबरातला रविवार होता. झुआरीच्या कडेकडेने जाणारा रस्ता, नदीवर नुकतं चढलेलं ऊन. पहाटे पाचला अंधारात सुटलो तेव्हा अंगावर शहारा येत होता. नऊच्या सुमाराला बनियन पिळून काढावं अशी गत झाली होती. आमच्या हवेची हीच तऱ्हा. कोरड्या मुलखात घाम उडून जातो आणि अंग थंड करतो, इथे तो नुसता गळतो. अंगण झाडणारी एक म्हातारी खराटा धरून माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "पुता, उदक जाय?"

पाणी मला नको होतं, जरा मागेच प्यायलो होतो. पण त्या 'पुता'ने घात केला. दाराशी सोपो होता. गोव्याबाहेरच्यांसाठी सांगतो: आमच्याकडच्या जुन्या घरांना पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना बांधलेले बाक असतात, संध्याकाळी बसून रस्त्याने येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या चौकशा करण्यासाठी. हा लाल होता आणि गार होता. "मातसो बस," ती म्हणाली. मातसो, म्हणजे थोडासा. मी वीस मिनिटं बसलो. उठलो तेव्हा पाय लाकडासारखे झाले होते आणि माझी पहिली मॅरेथॉन संपली होती, दहा किलोमीटर अलीकडे.

खरी गंमत पुढे आहे. छातीवरचा नंबर काढून खिशात कोंबला आणि लंगडत बसथांब्याकडे निघालो. वळणावर आलो तर फोंड्याची बस सुटत होती. मी धावलो. चांगली पन्नास-साठ पावलं, हात हलवत, ओरडत. कंडक्टरने दंडाला धरून आत ओढलं. सीटवर टेकून धाप खाली बसल्यावर लक्षात आलं, की आपण आत्ता धावलो.

घरी हे सांगायला नको होतं, पण सांगितलं. बायकोने भाताची पेज पुढ्यात ठेवली आणि एवढंच म्हणाली, "म्हणजे पाय होते."

हे वाक्य मला कितीतरी दिवस पुरलं.

मी गणिताचा शिक्षक. हिशेब मांडल्याशिवाय चैन पडत नाही, म्हणून आधी शरीराचा हिशेब मांडला. आपल्या स्नायूंत आणि यकृतात मिळून साधारण 400 ते 500 ग्रॅम साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवलेली असते, म्हणजे 2000 कॅलरीच्या आसपास. धावताना दर किलोमीटरला, दर किलो वजनामागे साधारण एक कॅलरी जळते. माझं वजन 66 किलो. 42.195 किलोमीटरला झाल्या 2785 कॅलरी. उरलेलं चरबीने भरून निघतं, आणि माझ्या पोटावरची चरबी मला कोल्हापूरपर्यंत नेऊन परत आणेल इतकी आहे. पण चरबी जळते सावकाश, त्यामुळे साखर आटली की वेग पडतो. धावणारे 30-32 किलोमीटरच्या त्या टप्प्याला 'भिंत' म्हणतात. म्हणजे मी भिंतीपाशी बसलो हे खरं. पण साखर आटलेला माणूस हळू होतो, खुरडत चालतो. फाटक उघडून सोप्यावर बसायला त्याला वेगळंच काहीतरी लागतं.

मग मनाच्या हिशेबाकडे वळलो. तिथे पहिल्यांदा सापडला इटलीतल्या तुरीनचा अँजेलो मोस्सो. 19व्या शतकाच्या अखेरीस या शरीरशास्त्रज्ञाने बोटाने वजन उचलायचं एक यंत्र केलं होतं. बोट किती वेळा वजन उचलतं आणि कधी हार मानतं, ते त्यावर उमटायचं. त्याला दिसलं, की विद्यार्थ्यांच्या तोंडी परीक्षा घेऊन आलेल्या प्राध्यापकाचं बोट एरवीपेक्षा लवकर थकतं. बोटाने तर दिवसभर काही केलेलं नसतं! वेल्समधल्या बँगोर विद्यापीठात सॅम्युएले मारकोरा आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हीच गोष्ट 2009 साली सायकलवर तपासली. 16 जणांना एका दिवशी 90 मिनिटं संगणकापुढे डोकं शिणवणारं काम दिलं आणि दुसऱ्या दिवशी तेवढाच वेळ रेल्वे-मोटारींचे माहितीपट दाखवले. दोन्ही दिवशी नंतर दमेपर्यंत सायकल मारायची. माहितीपटाच्या दिवशी सरासरी 754 सेकंद टिकले, डोकं शिणलेल्या दिवशी 640. हृदयाचे ठोके, रक्तातलं लॅक्टेट (जोरदार व्यायामात वाढणारा पदार्थ) यांत ते सोडायचं कारण सापडलं नाही. फक्त त्यांना तेच काम जास्त जड वाटत होतं.

हे वाचून मी आडवा झालो. कारण त्या शर्यतीच्या आदल्या दिवशी मी दहावीच्या सराव परीक्षेचे 62 पेपर तपासले होते, रात्री अकरापर्यंत. पाय वर ठेवून, खुर्चीत बसून. मनात म्हणत होतो, की पायांना कशी छान विश्रांती मिळतेय.

पण पेपर हे निमित्त झालं. खरी चूक कळायला मला आमच्या गावच्या देवळाच्या मांडवापर्यंत मागे जावं लागलं.

अंत्रूज महालातल्या, म्हणजे आमच्या फोंडा भागातल्या, कुठल्याही गावात जा, देवाच्या उत्सवाला नाटक असतंच. पालखी फिरून आली, आरत्या झाल्या, की रात्री साडेअकरा-बाराला पडदा वर जातो आणि नाटक संपतं तेव्हा पूर्वेला फटफटलेलं असतं. घरात कोकणी बोलणारी माणसं रंगमंचावर तलवार उपसून मराठीत गर्जना करतात. महिनाभर तालमी होतात आणि तरी ऐन वेळी निम्मे लोक निम्मं विसरतात. त्या सगळ्यांचा जीव विंगेत स्टुलावर बसलेल्या एका माणसाच्या हातात असतो. मी 14 वर्षं तो माणूस होतो. प्रॉम्प्टर. हातात वही, वहीवर बॅटरी, बॅटरीवर रुमाल, उजेड बाहेर फुटू नये म्हणून.

आमच्याकडे हे काम आधी एक वृद्ध मास्तर करायचे. त्यांनी मला बसवलं तेव्हा शिकवण वगैरे काही दिली नाही, फक्त चुकलो की मांडीला चिमटा काढायचे. पहिल्याच वर्षी राजा अडला. मी विंगेतून त्याचं अख्खं वाक्य दिलं, तेही अभिनयासकट, आवाज चढवून. मांडवातल्या शेवटच्या चटईपर्यंत ऐकू गेलं. हशा झाला. राजा विंगेकडे वळून म्हणाला, "मग तूच ये की बाहेर!" मास्तरांनी चिमटा काढला तो अजून आठवतो. पहाटे चहा पिताना एवढंच म्हणाले, "दोन शब्द द्यायचे. सपाट. बाकीचं त्याच्या तोंडात असतं."

हे खरं आहे. विसरलेल्या नटाला वाक्य लागत नाही, टोक लागतं. आणि ते रंगवून दिलं तर तो बावचळतो. आधीच त्याच्या डोक्यात कल्लोळ असतो, त्यात दुसऱ्याची भावना कुठे ठेवणार?

आणखी एक गोष्ट फार उशिरा आली. नट गप्प झाला म्हणजे विसरलाच असं नसतं. कधी तो जागा घेत असतो. त्या वेळी शब्द दिलात तर त्याचा सगळा रंग विस्कटतो. विसरणं आणि थांबणं यांतला फरक मास्तरांना पाठीवरून कळायचा. मला दहा वर्षं लागली.

तर 32व्या किलोमीटरला मी ओळ विसरलो होतो. आणि विंगेत कोणी नव्हतं असंही नाही. तिथे एक जण होता आणि तो अखंड बोलत होता: 'पुरे झालं आता. 47 वय आहे तुझं. उद्या पहिला तास नववी ब. कुणी सांगितलंय हे? 32 काय कमी झाले?' पूर्ण वाक्यं, आवाजात कळवळा, मुद्दे बिनतोड. मास्तर असते तर त्याची मांडी काळीनिळी झाली असती. त्याच्यासमोर ठेवायला माझ्याकडे वहीच नव्हती. चार महिने मी पायांची तयारी केली आणि मनाच्या तयारीच्या नावाखाली रोज रात्री डोळे मिटून शेवटची रेषा पाहिली: कमान, टाळ्या, गळ्यात पदक. म्हणजे नाटकाचा फक्त शेवटचा प्रवेश बसवला. तिसऱ्या अंकात लोक झोपेला येतात, पेटीवाला डुलक्या घेतो, तिथेच नट अडतो, आणि त्या अंकाची तालीम मी एकदाही केली नव्हती.

म्हणून पावसाळ्यात, वेळ हाताशी असताना, मी वही केली.

पहिली वाक्यं इतकी ऐतिहासिक होती की इथे सांगायची लाज वाटते. 'रण सोडून जाणारा तू नव्हेस' हे त्यातलं सर्वांत सौम्य. फर्मागुढीच्या चढावर ते म्हणून पाहिलं आणि हसूच आलं. हसण्यात श्वास गेला आणि चालायला लागलो. मग साधी केली: 'पुढचा खांब', 'खांदे सोड', 'थांबू नको'. ही बरी होती, पण तरी कुठेतरी बाहेरून येतायत असं वाटायचं. कारण कळायला एक घटना घडावी लागली. कवळ्याच्या रस्त्यावर एका पहाटे कुत्री मागे लागली, तेव्हा तोंडातून जे निघालं ते मराठी नव्हतं. मी आयुष्यभर मराठी वाचतो, मराठीत शिकवतो, हा लेख मराठीत लिहितोय आणि मराठीवर माझा जीव आहे. पण मराठी आमची मांडवातली भाषा, पडदा वर गेल्यावरची. दम संपला की माणूस रंगपटातल्या भाषेत बोलतो. मग वहीतली पानं बदलली: 'फुडलो खांबो.' 'खांदे सकयल.' 'रावूं नाका.' आणि अगदीच शेवटासाठी, 'वच मरे, वच', म्हणजे जा रे, जा.

या आपल्याशी बोलण्यावरही प्रयोग झालेला आहे, तोही मारकोराच्याच मंडळींचा, 2014 साली छापलेला. 24 जणांना दमेपर्यंत सायकल मारायला लावली. मग त्यांतल्या अर्ध्यांना स्वतःची वाक्यं स्वतः निवडायला, व्यायामात वापरून बघायला आणि उपयोगी तेवढी ठेवायला सांगितलं. दोन आठवड्यांनी पुन्हा सायकल. वाक्यंवाले आधीपेक्षा सुमारे 18 टक्के जास्त वेळ टिकले, बाकीचे होते तिथेच राहिले. मला त्यातली टक्केवारी तितकी महत्त्वाची वाटली नाही. भावलं ते हे, की वाक्यं बाहेरून दिलेली नव्हती आणि ती आधी घोकलेली होती. दमलेलं मन नवीन काही रचू शकत नाही, ते फक्त पाठ असलेलं म्हणू शकतं. अगदी पॉला रॅडक्लिफसारखी धावपटूसुद्धा, जिने 2003 साली लंडनमध्ये 2 तास 15 मिनिटं 25 सेकंदांत मॅरेथॉन संपवली, कठीण टप्प्यात आकडे मोजायची. शंभरपर्यंत तीनदा मोजलं की तिचा एक मैल होई. गणिताचा शिक्षक असून हे मला सुचलं नव्हतं.

मोजून पाहिलं मीही. पण माझे आकडे साठानंतर भरकटतात आणि पगारातून कापल्या जाणाऱ्या हप्त्यांकडे जातात. खांबच बरे.

कानातली गाणी मात्र बंद केली. याबद्दल धावणारे मित्र माझ्याशी भांडतात. 1977 साली विल्यम मॉर्गन आणि मायकेल पोलॉक या अमेरिकन संशोधकांनी अव्वल मॅरेथॉनवाल्यांना विचारलं होतं, की धावताना डोक्यात काय असतं. हौशी धावणारा मन दुसरीकडे वळवतो, पण हे लोक उलट शरीराकडेच कान लावून होते: श्वास कसा आहे, पाय कसे पडतायत, कुठे आवळलंय. मी अव्वलाच्या जवळपासही नाही, आणि दुसरीकडे मन वळवण्यातही काही पाप नाही. म्हार्दोळला पावसाळ्यात जायांचा वास आला की चांगले दोनशे मीटर फुकट जातात. पण विंगेतला माणूस कानात बोटं घालून बसला, तर नट थांबलाय की विसरलाय हे त्याला कळणार कसं?

हा प्रश्न ऑगस्टात खरा झाला. डाव्या गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला सुई टोचल्यासारखं व्हायला लागलं, नेमक्या त्याच जागी, प्रत्येक पावलाला, उतारावर जास्त. वही उघडली, 'फुडलो खांबो' म्हटलं, सुई तिथेच. थकवा असा नसतो. थकवा सगळ्या अंगभर पसरलेला असतो, तक्रार करतो, बोलतो, वाद घालतो. ही सुई वाद घालत नव्हती. मी वळलो, मिळेल त्या रिक्षाने घरी आलो आणि पुढचे तीन आठवडे फक्त चाललो. मनाच्या कणखरपणाबद्दल बोलणारे लोक ही बाजू सांगत नाहीत याचा मला राग येतो. 1908 च्या लंडन ऑलिंपिकचा दोरांदो पिएत्री आठवा. मॅरेथॉनचं हे 42.195 किलोमीटरचं विचित्र अंतर त्याच शर्यतीने पाडून ठेवलं, विंडसरच्या राजवाड्यापासून स्टेडियममधल्या राजघराण्याच्या सज्जापर्यंत. पिएत्री पहिला आत आला, उलट दिशेला वळला, पडला, उठला, पुन्हा पडला. शेवटी अधिकाऱ्यांनी त्याला धरून रेषा ओलांडायला मदत केली आणि त्याबद्दलच तो बाद ठरला. सुवर्णपदक अमेरिकेच्या जॉनी हेजला गेलं. प्रॉम्प्टर रंगमंचावर आला की नाटक संपलं, हे मास्तरांनी त्यांना आधी सांगायला हवं होतं.

सप्टेंबरपासून तिसऱ्या अंकाच्या तालमी सुरू केल्या. रविवारी सव्वाचारला घराबाहेर. पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलीचा भोंगाही वाजलेला नसायचा. मंगेशीच्या बाजूला उतरायचं, आतल्या गावांतून फिरून किलोमीटर भरायचे आणि 24-25 झाले, की मुद्दाम फर्मागुढीचा चढ शेवटी ठेवायचा. आधी ताजेपणी तो चढ चढून मी स्वतःवर खूश व्हायचो. तो खोटा चढ होता. आता पाय जड झालेले, ऊन कानशिलावर आलेलं, ट्रक अंगावरून जाणारे. तिथे आवाज सुरू व्हायचा, ठरल्या वेळी, भाडं मागायला आल्यासारखा. आणि मी सपाट आवाजात दोन शब्द द्यायचो. कधी चालायचे, कधी नाही. चालले नाहीत तर ते पान फाडायचं. 'खांदे सकयल' सर्वांत टिकाऊ निघालं, कारण ते करता येतं. 'तू जिंकशील' करता येत नाही.

आणि एक पान खास त्या लाल सोप्यासाठी लिहिलं. म्हातारी विचारणार, "पुता, उदक जाय?" आपण म्हणायचं, "येतां, माय." आमच्याकडे जातानाही येतो म्हणतात, त्यामुळे खोटं बोलल्यासारखं होणार नाही.

दुसऱ्या डिसेंबरात शर्यतीच्या आधीच्या गुरुवारनंतर एकही पेपर घरी आणला नाही. शनिवारी टीव्हीवर समुद्री कासवांचा कार्यक्रम बघितला.

पहिल्या 25 किलोमीटरबद्दल सांगण्यासारखं काही नाही, जसे असायला हवेत तसे कंटाळवाणे होते. 28 ला आवाज आला, अपेक्षेपेक्षा लवकर. 'उद्या पहिला तास...' मी खांब मोजायला लागलो. 31 ला वळण दिसलं आणि छाती धडधडली, ती धावण्याने नाही. ते घर आलं. अंगण झाडून स्वच्छ होतं. दार बंद, म्हातारी बहुधा चर्चमध्ये मिसेला गेली असावी. सोप्यावर एक पिवळं मांजर लांब होऊन झोपलेलं.

हे वहीत नव्हतं. तीन महिने घोकलेलं उत्तर, आणि विचारायला कोणी नाही. नकार द्यायला समोर माणूस असला की सोपं असतं. रिकाम्या बाकाला काय सांगायचं? पावलं मंदावली. फाटकाची कडी सुद्धा लावलेली नव्हती. मग मी मांजराला "येतां, माय" म्हटलं, मोठ्याने. मागून येणारा एक तरुण दचकून माझ्याकडे बघत पुढे गेला.

पुढच्या दहा किलोमीटरांत मी 'वच मरे' किती वेळा म्हटलं ते मोजलं नाही. 37 नंतर तेही गळून फक्त 'वच' राहिलं, आणि मग नुसता श्वासच तसा वाजायला लागला. बराचसा भाग मी चाललो. 5 तास 21 मिनिटं. पदकाची रिबन गळ्याला टोचते हे डोळे मिटून पाहिलं होतं तेव्हा लक्षात आलं नव्हतं.

नंबर खिशात घातला आणि बसथांब्याच्या कट्ट्यावर येऊन बसलो. समोरच्या गाड्यावरून शहाळं मागवलं, तेही त्या पोराला आणून द्यावं लागलं. थोड्या वेळाने फोंड्याची बस आली. वेग कमी झाला. कंडक्टरने दारातून वाकून विचारलं, "येता?"

मी उठायला गेलो. मांड्या जागच्या हलेनात. दोन्ही हात कट्ट्याला टेकून पुन्हा एकदा जोर केला, तोवर त्याने घंटी मारली आणि बस गेली.